एक जूनची माणसं

माझं अक्षर चांगलं, आणि त्याचा मला फार गर्व होता. आता सांगायला हरकत नाही, त्या अक्षरात मी जेवढं खोटं लिहिलं तेवढं आमच्या तालुक्यातल्या एखाद्या पुढाऱ्यालाही बोलता आलं नसेल.

दिंद्रुडपासून सायकलवर जाता येईल अशा एका गावात मी प्राथमिक शाळेची बाई म्हणून रुजू झाले. मुख्याध्यापकांनी माझ्या अर्जावरचं अक्षर बघितलं आणि पहिल्याच दिवशी दाखलखारीज रजिस्टर माझ्या पुढ्यात ढकललं. पोराचं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, सगळं त्यात. "तुम्हीच लिहा, बाई. माझं अक्षर म्हणजे कोंबडी चालल्यासारखं." खरं कारण वेगळं होतं. त्यांना जून महिन्यात दुपारी झोपायची सवय होती.

पोरं दाखल करून घ्यायची आमची पद्धत अशी. पोराला उभं करायचं. उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला सांगायचं. हात कानाला पोचला की पोरगं सहा वर्षांचं. नाही पोचला की पुढच्या वर्षी. याच्यावर कुणी अपील करत नसे. मग आईला जन्मतारीख विचारायची. ती सांगायची, ज्वारी हुरड्याला आलती तवा. किंवा, पोळ्याच्या आधी, नाहीतर नंतर. किंवा, थोरली गाय मेली त्या साली. मुख्याध्यापक डोळे न उघडता म्हणायचे, "एक जून घाला, बाई. हिशोबाला सोपं पडतं." मी एक जून घालायची.

जन्मगावाचंही तेच. आमचं निम्मं गाव दिवाळीनंतर ऊस तोडायला जायचं, कोल्हापूरकडं, सांगलीकडं, नाहीतर सरळ कर्नाटकात. पोरं तिकडंच व्हायची, उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. तिथं कोण जन्माची नोंद करणार? बाई बाळंत झाली की पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा मोळ्या बांधायला. "फडाचा काय पत्ता लिहिता? आपल्या गावाचं नाव घाला," मुख्याध्यापक म्हणायचे. मी गावाचं नाव घालायची, टपोऱ्या अक्षरात, खाली रेघ मारून.

सरकारला यात कधी काही खटकलं नाही. त्याच तारखेवर नोकऱ्या दिल्या, मतं घेतली, निवृत्त केलं. माझीही जन्मतारीख एक जूनच. आमच्या तालुक्यात एकाच एकतीस मे रोजी इतके मास्तर निवृत्त झाले की सत्काराला हार कमी पडले. माझ्या गळ्यात घातलेला हार तेव्हाच्या मुख्याध्यापकांच्या गळ्यातून काढलेला होता, अजून ओला.

तर त्या रजिस्टरातल्या एका पानाची ही गोष्ट आहे. एका सकाळी दोन पोरं एकत्र आली. एक मुकादमाचा. मुकादम म्हणजे ऊसतोडीच्या टोळीचा म्होरक्या, गावात त्याच्या शब्दाला वजन. दुसरा पिंजाऱ्याचा. मुसलमान घर, कापूस पिंजून गाद्या-रजया करायचे. मोठ्या दुष्काळात रजई कोण शिवून घेतो? म्हणून नवरा-बायको दोघंही मुकादमाच्या टोळीत ऊस तोडायला गेले होते. त्या बाईनं मला जे सांगितलं ते मी विसरले नाही. म्हणाली, "बाई, दोगं बी येकाच फडावर झाले. कर्नाटकात. आदी माजा, आठ दिसांनी मुकादमीनबाईचा. तिची कोपी वाऱ्यानं उडालती, म्हून तो माज्याच कोपीत झाला." मुकादमीन शेजारीच उभी होती, मुकादम दाराशी. तिनं मान हलवली आणि पदर नीट केला.

पिंजाऱ्याच्या पोरानं हात वर घेतला आणि एका झटक्यात कान धरला. मुकादमाचं पोरगं गुबगुबीत, हात आखूड. त्याची बोटं कानाच्या चार बोटं अलीकडंच वळवळायला लागली. मुख्याध्यापकांनी तेवढ्यापुरते डोळे उघडले, मुकादमाकडं बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. मी पुढं झाले आणि पोराचं कोपर वर रेटलं, बोट कानाला टेकेपर्यंत. "पोचला, पोचला," मुख्याध्यापक म्हणाले. "घाला नाव." पिंजाऱ्याचा पोरगा तोवर तसाच उभा होता, स्वतःचा कान धरून. सोड म्हणून त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी दोन्ही नावं एकाखाली एक लिहिली. एक जून, एक जून. जन्मगाव हेच, जन्मगाव हेच.

पिंजाऱ्याचं पोरगं मोठं होऊन मोटारींचा मिस्त्री झालं. बोअरमधली जळालेली मोटार वर काढायची, तिचं वायंडिंग भरायचं, पुन्हा खाली सोडायची. पाऊस जसजसा कमी झाला तसतसे बोअर खोल गेले, दोनशे फूट, चारशे, सातशे, आणि मिस्त्रीवाचून कुणाचं पान हलेना. सडकेला त्याचं पत्र्याचं दुकान. पाण्याची मोटार बघून तो एवढंच बोलायचा, "लई दमवली तुमी हिला." माणसांच्या बाबतीत त्याला इतकी माया दाखवताना मी कधी पाहिलं नाही.

मुकादमाचं पोरगं आमदार झालं. मधल्या पायऱ्या सांगून तुमचा वेळ घेत नाही. सोसायटीचा चेअरमन, मग सहकारी सूतगिरणीचा चेअरमन. या सूतगिरणीची कमान फार देखणी आहे. सडकेवरून जाताना लांबून दिसते. कमानीच्या आत भूमिपूजनाची कोनशिला आहे, आणि कोनशिलेच्या पलीकडं बाभळी आहेत. सूत अजून निघायचं आहे. सभासदांच्या पोरांना नातवंडं झाली, पण दरवर्षी सर्वसाधारण सभा होते आणि अहवाल वाचून मंजूर होतो. दुष्काळ पडला की टँकर येतो आणि टँकरवर आमदाराचा हात जोडलेला फोटो असतो. बायका घागरी लावताना आधी त्याच्या नाकावर टेकवतात, कारण तोटी नेमकी तिथंच आहे. आणि एक जूनला अख्ख्या तालुक्यात त्याच्या वाढदिवसाचे फलक लागतात. त्या फलकांकडं बघून मला दरवर्षी हसू यायचं. मीच दिलेली तारीख ना ती. केक मात्र मला कधी आला नाही.

मग तो उन्हाळा आला. दोन वर्षं पाऊस नाही, हाताला काम नाही, धरणाच्या तळात गुरं चरत होती. अशा वेळी माणसाला कुणावर तरी चिडायचं असतं. आभाळावर चिडून उपयोग नाही आणि चेअरमनवर चिडायची छाती नाही. तेवढ्यात वरून हुकूम आला की जिल्ह्यात परदेशातून शिरलेले लोक शोधा. परदेशातून, आमच्याकडं! अहो, आमच्या गावात मुलगी द्यायला शेजारच्या तालुक्यातले लोक दहादा विचार करतात. इथं समुद्र ओलांडून, डोंगर ओलांडून कोण मरायला येणार, बिनपाण्याच्या गावात? पण पथक आलं. जीपमधून आलं, यादी घेऊन आलं. ज्यांनी जन्मदाखले उशिरा काढले होते त्यांची म्हणे ती यादी. उशिरा दाखले अख्ख्या गावानं काढले होते. यादीत मात्र मशिदीमागच्या गल्लीचीच नावं होती. यादी कशी केली ते आंधळ्यालाही कळलं असतं. मिस्त्रीचं नाव वरून तिसरं.

पथकानं मिस्त्रीला विचारलं, जन्म कुठला? त्यानं शाळेचा दाखला दाखवला. त्यावर जन्मगाव हेच. त्यांनी ग्रामपंचायतीचं जन्माचं रजिस्टर काढलं. त्यात त्या सालच्या पानावर त्याचं नाव नाही. कसं असणार? मग शाळेचा दाखला बनावट, आणि दाखला बनावट तर माणूस बाहेरचा. इथला असल्याचा पुरावा सुनावणीत द्यायचा, नाही दिला तर उचलून नेऊ. कुठं नेणार, ते पथकालाही माहीत नव्हतं. पण नेणार हे नक्की होतं. पन्नाशीचा माणूस, दोन पोरींची लग्नं याच गावात केलेला, आणि त्याला विचारत होते की तू कुठून आलास.

मग ते माझ्याकडं आले. रजिस्टरच्या पानाची नक्कल माझ्यापुढं धरली. साहेब तरुण, सभ्य, इस्त्रीचा. "बाई, हे अक्षर तुमचं का?"

माझंच होतं. तो टपोरा 'ज', ती खालची रेघ. माझ्या मनात काय आलं ते सांगते, लपवायचं काय त्यात. पेन्शन आली मनात. खोटी नोंद केली म्हणून चौकशी लागेल, या वयात तहसीलीच्या बाकावर बसावं लागेल, लोक हसतील. "आठवत नाही," मी म्हणाले. "फार वर्षं झाली." साहेबांनी तेवढं लिहून घेतलं आणि माझी सही घेतली. सहीतही तसंच टपोरं अक्षर आलं. बघणाऱ्याला डोळे असते तर तिथंच कळलं असतं.

पण मी एकटीच भित्री होते असं समजू नका, भित्रेपणात गाव माझ्यापुढं दहा पावलं होतं. पथकानं पंचनामा ठेवला. पाच प्रतिष्ठितांनी सांगायचं की हा माणूस इथलाच. सरपंचाच्या बोअरची मोटार मिस्त्रीनं आदल्याच दिवशी बसवून दिली होती. सरपंच म्हणाला, "मी वळखतो त्याला, न्हाई कावून म्हनू? पन त्यो जल्मला तवा मी तितं नव्हतो ना." दुसऱ्याला म्हणे पाहुण्याकडं जायचं होतं. तिसऱ्यानं चष्मा विसरला, त्याला सही कुठं करायची ते दिसेना. सोसायटीच्या सचिवानं सांगितलं की संस्थेचा ठराव झाल्याशिवाय मला बोलता येत नाही. पाचवा आलाच नाही. पाच जणांनी मिळून एक अख्खा माणूस वाऱ्यावर सोडला आणि पारावर येऊन तंबाखू मळत बसले.

त्याच आठवड्यात माझ्या बोअरची मोटार बंद पडली. मिस्त्री येईल असं मला वाटलं नव्हतं. आला. कप्पीला साखळी लावली, मोटार वर ओढली, उन्हात बसून दुरुस्त केली, पुन्हा सोडली. मी चहा दिला तर बाजूला ठेवला. निघताना म्हणाला, "बाई, सोमवारी सुनावनी हाय. तुमी काय बी खोटं बोलू नका. अक्षर तुमचं हाय, येवढंच म्हना."

मी म्हणाले, "बघते."

"बगा," तो म्हणाला, आणि साखळी खांद्यावर टाकून गेला. मी नळ सोडला. पाणी आलं. चांगलं जोरात आलं. भांडं भरून तोंडाला लावताना मला स्वतःची इतकी किळस आली की अर्धं पाणी मी तुळशीत ओतलं.

आमदार विधानसभेत बोलला ते मी दुसऱ्या दिवशी टीव्हीवर पाहिलं. मी मेथी निवडत होते. या माणसाचं भाषण लागलं की मी चॅनेल बदलते, पण हात भाजीत होते म्हणून राहिलं. तो म्हणाला की माझ्या जिल्ह्यातली निम्मी माणसं निम्मं वर्ष दुसऱ्याच्या दारात राहतात. तिथल्या लोकांनी त्यांच्याकडं असे कागद मागितले तर यांच्याकडं कोयत्याशिवाय दाखवायला काय आहे? म्हणाला, माझ्या मतदारसंघात जीप घालून गल्ल्या हुडकणं मी चालू देणार नाही. समोरून लोक ओरडत होते तरी खाली बसला नाही. मी उठून आवाज मोठा केला. ऊर भरून आला माझा. आणि ज्याच्या सूतगिरणीत बाभळी उगवल्या त्याच्यामुळं ऊर भरून यावा, याचा मला भयंकर राग आला. पण बोलला ते खरं होतं. शंभर टक्के खरं होतं.

म्हणून मी त्याच्या बंगल्यावर गेले. बाहेर टँकर मागायला आलेली माणसं चपला काढून बसलेली. मला बघून तो बाहेर आला आणि पायाशी वाकला. त्याच्याबरोबरचा एक जण मोबाईल घेऊन तयारच होता. फोटो नीट आला नाही, म्हणून तो पुन्हा वाकला.

"तुझं भाषण ऐकलं," मी म्हणाले. "चांगलं बोललास."

"तुमचेच संस्कार, बाई."

"संस्कार राहू दे. सोमवारी तहसीलीत ये. मिस्त्रीची सुनावणी आहे. तू आणि तो एकाच कोपीत जन्मलात, एवढंच सांग. तू सांगितलंस तर कुणाची छाती होणार नाही त्याला हात लावायची."

त्यानं हातानंच माणसं बाहेर घालवली. दार लावलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, मी धोरणाला विरोध केलाय. एकेका माणसाच्या फायलीत कसा हात घालू?"

"धोरणाला कुणी उचलून नेत नाहीये. मिस्त्रीला नेतायत."

"आणि माझ्या जन्माचं कशाला उकरताय? भूमिपुत्र म्हणून निवडून येतो मी. विरोधकांच्या हातात कोलीत देऊ का?"

"त्याची आई नसती तर तू उघड्यावर जन्मला असतास."

तो खिडकीबाहेर बघायला लागला. "चहा घेऊन जा, बाई," म्हणाला. मी नाही घेतला. बाहेर आले तर बसलेली माणसं विचारायला लागली, बाई, टँकरचं काय म्हनले साहेब? अशी आमची माणसं. माझी तरी त्यांना नावं ठेवायची लायकी कुठं होती? साऱ्या मुंबईपुढं छाती काढून बोलणारा माणूस अकरा किलोमीटरवरच्या तहसीलीत यायला घाबरत होता, आणि मी तर स्वतःच्या ओट्यावर बसून घाबरले होते.

सोमवारी मी पहिल्या एसटीनं गेले. मिस्त्री बाकावर बसला होता, नवा सदरा घालून. माझ्याकडं बघून त्यानं सरकून जागा केली, बाकी काही नाही.

साहेबांनी रजिस्टरचं पान टेबलावर पसरलं. म्हणाले, "बघा, या एका पानावर अकरा मुलं, अकराही जणांची जन्मतारीख एकच, शाई एक, अक्षर एक. हे पान एका बैठकीत तयार केलेलं आहे. सरळ बनावट आहे."

"आहेच," मी म्हणाले. "मीच केलंय."

साहेबांची मान वर आली. "तुम्ही तर आठवत नाही म्हणाला होतात."

"घाबरले होते म्हणून म्हणाले. आता आठवतंय. लिहून घ्या."

आणि मी सगळं सांगितलं. कानाची पद्धत सांगितली, खुर्चीतून उठून कशी ते दाखवायला गेले, पण खांदा आखडलाय म्हणून अर्ध्यातच राहिलं. एक जूनचं सांगितलं. फडावर जन्मलेल्या पोरांना गावाचं नाव कसं चिकटवलं ते सांगितलं. कारकून लिहायचा थांबला. साहेब म्हणाले, "म्हणजे हा गावात जन्मला नाही, हे तुम्ही मान्य करता?"

"नाही जन्मला. कर्नाटकात उसाच्या फडावर जन्मला. त्याची आई इथली, बाप इथला, पोट भरायला गेले होते. आता त्याच्या खालचं नाव वाचा."

साहेबांनी वाचलं. आधी मनात वाचलं, मग चष्मा काढून पुन्हा.

"मोठ्यानं वाचा की," मी म्हणाले. "तोही तिथंच जन्मला, त्याच कोपीत, आठ दिवसांनी. ग्रामपंचायतीत त्याचंही नाव नाही, जाऊन बघा. पान बनावट असेल तर अख्खं बनावट आहे. हा बाहेरचा असेल तर आमदारही बाहेरचा. पाठवा जीप. आणि एक राहिलंच. या पोराचा हात कानाला पोचला होता. आमदाराचा पोचला नव्हता. त्याचं कोपर मी रेटलं. पेन्शन बंद करायची तर त्याच्यासाठी करा, ते पाप मोठं आहे."

दाराशी उभा असलेला शिपाई तोंडाला रुमाल लावून बाहेर गेला. साहेब उठले. पंधरा मिनिटं थांबा म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले. त्या भिंतीला आवाज अडत नव्हता. फोन आला, साहेब नुसतं 'हो सर' म्हणत होते. कुणीतरी आमदाराला कळवलं होतं. मतदारसंघात कुत्रं भुंकलं तरी त्याला कळतं. फक्त पाणी नाही हे कळायला वेळ लागतो.

साहेब बाहेर आले आणि त्यांनी कागदावर लिहिलं, प्रकरण दप्तरी दाखल. म्हणजे फाईल कपाटात. मिस्त्री इथला आहे असं कुणी लिहिलं नाही. तो बाहेरचा नाही असंही लिहिलं नाही. बनावट पान होतं तसं परत रजिस्टरात गेलं, कारण त्यावर एक मोठं नाव होतं.

बाकीच्यांच्या पानावर असं नाव नव्हतं. यादीतली एक विधवा सीताफळं आणि केळी विकायची. तिची शाळा दुसरी, तिच्या नावाखाली कुणी साधा सरपंचसुद्धा नव्हता. तिनं सुनावणीची वाट बघितली नाही. गाडा विकला आणि तेलंगणात भावाकडं निघून गेली. ती बाहेरची होती याचा हाच पुरावा, असं पारावर बोललं गेलं. दुसऱ्या अधिवेशनात आमदार उभा राहिला आणि म्हणाला, माझ्या मतदारसंघातल्या एका गरीब कारागिराला मी स्वतः लक्ष घालून न्याय मिळवून दिला. यावेळी मी चॅनेल बदललं.

मिस्त्रीनं आठ दिवस दुकान उघडलं नाही. दुष्काळातले आठ दिवस म्हणजे गंमत नव्हे. मोटारी जळतच होत्या. गावातली माणसं त्याच्या शटरपुढं येऊन उभी राहायची आणि एकमेकांकडं न बघता परत जायची. नवव्या दिवशी शटर वर गेलं. सरपंच सर्वांत पुढं. त्याच्या मोटारीची केबल जळली होती. मिस्त्रीनं मोटारीकडं बघितलंच नाही. म्हणाला, "सरपंच, कान धरा."

"कावून बे?"

"उजवा हात डोक्यावरून न्या, डावा कान धरा. आपल्या गावात याच्याबिगर पुरावा न्हाई. तहसीलीत बाईंनी सांगितलंय."

सरपंचानं आधी दात काढले. मग इकडं तिकडं बघितलं. मागं रांग होती आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या शेतात काहीतरी वाळत होतं. त्यानं टोपी काढून बगलेत धरली आणि हात डोक्यावरून घेतला. मिस्त्री वाकून बघत राहिला, बोट नीट टेकलंय का. टेकलं तेव्हा त्यानं मोटार आत घेतली. मग चष्मा विसरलेला. मग सोसायटीचा सचिव, त्याला ठराव लागला नाही. बाकीचे दोघंही आले. सडकेवरून जाणारी एसटी हळू झाली, खिडक्यांतून लोक बघत होते की हे पांढऱ्या मिशांचे बाप्ये भर उन्हात कान धरून का उभे आहेत. मी हे दोन दिवस ओट्यावरून ऐकलं आणि पोटभर हसले. चांगली जिरवली म्हणाले. माझ्या हाताखाली शिकलेलं पोरगं म्हणून मला त्याचं कौतुक वाटलं.

तिसऱ्या दिवशी माझी मोटार बंद पडली.

शेजाऱ्याकडून ती वर ओढून घेतली आणि त्याच्याच रिक्षात टाकून मी दुकानात गेले. पुढं दोघं होते, त्यांचं झालं. माझी पाळी आली. मी रिक्षावाल्याला म्हणाले, उतरव खाली. मिस्त्री स्टुलावर बसला होता. त्यानं मोटारीवर हात ठेवला, पण आत घेतली नाही.

"बाई," तो म्हणाला, "तुमी बी."

मला वाटलं गंमत करतोय. तो हसत नव्हता. मी काय म्हणणार होते? मी तहसीलीत बोलले, म्हणून सांगणार होते? त्याआधी मी आठवत नाही म्हणून सही केली होती, तीही त्याच फायलीत होती. सुनावणीत साहेब ते त्याच्यासमोरच बोलले होते. त्यानं मला काही विचारलं नव्हतं, म्हणजे तो ते विसरला असं मी धरून चालले होते.

मी पर्स स्टुलावर ठेवली आणि हात वर घेतला. खांदा आखडलेला. बोटं भांगापर्यंत गेली आणि थांबली. मी मान वाकडी केली, पुन्हा नेटानं रेटलं, कळ दंडापर्यंत आली. कानाच्या चार बोटं अलीकडं माझी बोटं वळवळत राहिली. मागं रांगेतला कुणीतरी खाकरला.

मिस्त्री उठला. माझ्याजवळ आला, तेलकट हातानं माझं कोपर धरलं आणि हळूहळू वर रेटलं, बोट कानाला टेकेपर्यंत.

"पोचला, पोचला," तो म्हणाला. "घालतो नाव."

त्या सकाळी शाळेत तो शेजारीच उभा होता. स्वतःचा कान धरून, सगळं बघत. त्यानं खडू घेतला, माझ्या मोटारीवर माझं नाव लिहिलं आणि ती आत नेऊन सरपंचाच्या मोटारीशेजारी ठेवली.